आमच्या भिशीचा पहिला रकाना

आमच्या मराठी मंडळाची स्मरणिका छापायला जायच्या आधी तिची पीडीएफ माझ्या फोनवर आली. "वहिनी, शुद्धलेखन बघून घ्या प्लीज, प्रेसला उद्या द्यायचंय," असा अध्यक्षांचा निरोप सोबत. शुद्धलेखनाच्या एकोणीस चुका निघाल्या. विसावी चूक अकराव्या पानावर होती आणि ती ऱ्हस्व-दीर्घाची नव्हती.

त्या पानावर आमच्या भिशीचा इतिहास होता. "आखातात आलेल्या काही द्रष्ट्या मराठी गृहस्थांनी परस्परांच्या अडीअडचणीसाठी हा निधी सुरू केला. कालांतराने महिलावर्गानेही त्यात उत्साहाने सहभाग घेतला." खाली आठ गृहस्थांची नावं, त्यात माझ्या नवऱ्याचंही. मी फोन त्याच्यापुढे धरला आणि विचारलं, "तू भिशी सुरू केलीस?"

त्याने चष्मा वर केला. "कुठली भिशी?"

हा आमचा संस्थापक.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण त्याच आठवड्यात काकूंना कमिटीकडून ईमेल आली होती, की आपण निधीच्या सभासद नसल्याने आपली मागणी विचारात घेता येत नाही. काकू म्हणजे जिने ही भिशी सुरू केली ती बाई. बावीस वर्षं तिने एकही हप्ता चुकवला नाही. तिला वीस हजार दिरहम हवे होते, म्हणजे आताच्या भावाने साडेचार-पावणेपाच लाख रुपये. ते वेळेत मिळाले नाहीत तर तिला हा देश सोडावा लागणार होता.

म्हणून खरा इतिहास मी लिहिते आहे. कमिटीने मागितलेला नाही, तरी.

मी लग्नानंतर शारजाला आले तेव्हा आमची इमारत पाच मजल्यांची होती आणि लिफ्ट सहसा बंद. तिसऱ्या मजल्यावर काकू राहायच्या. माझ्यापेक्षा जेमतेम दहा वर्षांनी मोठ्या, पण पहिल्याच भेटीत त्यांनी मला "अगं ए पोरी, जिरे आहेत का तुझ्याकडं?" असं विचारलं आणि त्या काकू झाल्या. त्यांचे यजमान रास अल खोरला एका गॅरेजमध्ये फोरमन होते. बाकीचे आमचे नवरे कंपन्यांत, बँकांत, एक फुजैराला जहाजांना तेल पुरवणाऱ्या कंपनीत. काकू घरी पोळ्या करायच्या. आधी खालच्या मजल्यावरच्या चार सड्या मुलांसाठी, मग इमारतीतल्या नोकरी करणाऱ्या बायकांसाठी. दिवसाला साठ-सत्तर पोळ्या. कागदावर मात्र त्या गृहिणी. आम्ही सगळ्याच गृहिणी होतो. व्हिसावर तसंच लिहिलेलं असायचं.

तेव्हाची एक अडचण आता कुणाला सांगून पटत नाही. घरात पैसे होते, पण ते नवऱ्याच्या खात्यात. कार्ड त्याचं, पिन त्याचा. बँकेत खातं उघडायला गेलं की सॅलरी सर्टिफिकेट मागायचे आणि पगार नसला की काउंटरवरचा माणूस गोड हसून "मॅडम, आपके हजबंड को बोलिए ना" म्हणायचा. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला पैसे पाठवायचे तर नवऱ्याला विचारायचं. तो नाही म्हणायचा नाही, पण विचारायचं.

काकूंनी एके दिवशी पोळ्या लाटता लाटता आम्हाला सांगितलं, "दोनशे-दोनशे दिरहम काढा. आठ जणी आहोत. महिन्याला सोळाशे होतात. एकेकीनं एकेका महिन्याला घ्यायचे." दोनशे म्हणजे तेव्हा चोवीसशे रुपये. घरखर्चातून दोनशे कसे वाचवायचे हेही त्यांनीच शिकवलं: भाजी गुरुवारी संध्याकाळी घ्यायची, टॅक्सी दोघींत, आणि डाळ सुपरमार्केटमधून आणायचीच नाही.

भिशी सगळीकडे असते. आमच्या भिशीत एक गोष्ट वेगळी होती आणि ती काकूंनी पहिल्या दिवशीच घालून दिली. चिठ्ठी काढायच्या आधी त्या विचारायच्या, "कुणाला अडलंय का?" कुणी हात वर केला की चिठ्ठ्यांचं भांडं बाजूला. पैसे तिला. का हवेत ते विचारायचं नाही. मी एकदा विचारलं तर काकूंनी लाटणं रोखलं माझ्यावर. "तू काय इमिग्रेशन आहेस?"

फुजैरावालीच्या नवऱ्याचा पगार चार महिने थकला तेव्हा तिने हात वर केला. एकीने दोनदा वर केला, दुसऱ्यांदा तिचा नंबर होऊन गेला होता, तर काकूंनी आपला नंबर तिला दिला आणि पुढच्या फेरीतला तिचा आपण घेतला. नंबर बदलून घ्यायची ही पद्धत मग रूढच झाली. एक जण पैसे घेऊन अचानक भारतात गेली. उरलेले हप्ते आम्ही सात जणींनी वाटून भरले आणि तिला मनसोक्त शिव्या दिल्या. दीड वर्षाने तिच्या दिराबरोबर एक पाकीट आलं. पूर्ण रक्कम होती, वर प्रत्येकीसाठी एक रुमाल. रुमाल भयंकर होते.

हिशोब माझ्याकडे असायचा, कारण मला याद्या करायची सवय आहे. पुढे नोकरीही तशीच मिळाली: जबल अलीला एका फ्रेट कंपनीत डॉक्युमेंटेशन सांभाळते, कंटेनर कुठल्या जहाजावर चढला हे ज्याच्या-त्याच्या रकान्यात लिहिणं हेच माझं काम. भिशीची वही मी पहिल्यापासून ठेवली. तारीख, रक्कम, घेणारीची सही. दर महिन्याला.

आठाच्या बारा झाल्या, बाराच्या वीस, मग वीस-वीस जणींचे दोन गट. दोनशेचे पाचशे, मग हजार. वीस हजारांचा आकडा दिसायला लागल्यावर नवऱ्यांना भिशी दिसायला लागली. तोवर ते आमच्या "किटी पार्टी"ची थट्टा करायचे. मग एकेकाला गाडीच्या डाउनपेमेंटची आठवण व्हायला लागली, आणि "हे जरा प्रोफेशनली चालवायला हवं" असं चहा पिताना ऐकू यायला लागलं. पाच वर्षांपूर्वी मंडळाच्या कमिटीने भिशी ताब्यात घेतली. नाव झालं "परस्पर साहाय्य निधी". गट तेच दोन, वर एक अॅप, नियमांचं तीन पानी परिपत्रक. आम्हाला बरंच वाटलं. दर महिन्याला रोख गोळा करत फिरणं संपलं. चिठ्ठी आता अॅप काढतं. अॅप कुणाला अडलंय का ते विचारत नाही.

आता काकूंचं काय झालं ते.

या वर्षी काकांचं गॅरेज बंद झालं. मालकाने हिशोब चुकता केला, त्याबद्दल तक्रार नाही. पण काकांचं वय एकसष्ट. नवी नोकरी कोण देणार? नोकरी गेली की व्हिसा जातो आणि त्यांच्या व्हिसावर काकू. हातात थोडी मुदत असते, तेवढ्यात नवा व्हिसा किंवा विमानाचं तिकीट. सांगलीकडे त्यांचं आता कुणी नाही. मुलगी शारजात, नातू इथल्या शाळेत.

काकू माझ्याकडे आल्या त्या दोघींनी करायच्या कामांची यादी घेऊनच. यादी मीच करायला शिकवली होती त्यांना.

"हे बघ. फ्री झोनमध्ये खाण्याच्या धंद्याचं लायसन्स मिळतं. लायसन्स माझ्या नावानं. त्यावर माझा व्हिसा. मग मी ह्यांना आणते माझ्या व्हिसावर. एक भाड्याचं किचन आहे, त्यातला एक ओटा मिळतोय. डिपॉझिट धरून सगळे सत्तावीस हजार."

"काका काय म्हणतात?"

"काय म्हणणार? चोवीस वर्षं मी राहिले की ह्यांच्या व्हिसावर, माझं काय झिजलं?"

सत्तावीसपैकी सात त्यांच्याकडे होते. उरले वीस. आणि भिशीच्या चालू फेरीत त्यांनी चौदा हप्ते भरले होते. म्हणजे वीसमधले चौदा हजार त्यांचेच, निधीत अडकलेले. त्यांचा नंबर अजून लागला नव्हता. मागणी एवढीच, की या महिन्याची रक्कम मला द्या, उरलेले सहा हप्ते मी भरतेच आहे. बावीस वर्षांपूर्वी यासाठी नुसता हात वर करावा लागला असता. आता अर्ज. मी तो अर्ज टाइप करून दिला, सोबत चौदा हप्त्यांच्या पावत्या, लायसन्सचं कोटेशन, किचनवाल्याचं पत्र. कंटेनरचे कागद इतके नीट नसतात.

उत्तर आलं ते वर सांगितलंच. आपण सभासद नाही. आपले यजमान सभासद आहेत. त्यांचा व्हिसा रद्द झाल्याने त्यांचं सभासदत्व "निष्क्रिय" झालं आहे. नियम नऊप्रमाणे निष्क्रिय सभासदाची रक्कम फेरी संपल्यावर, म्हणजे सहा महिन्यांनी, परत केली जाईल. देश सोडून गेल्यावर!

मी अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, आवाज मऊ, माणूस वाईट नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं.

"साहेब, काका आयुष्यात एकदाही भिशीला आलेले नाहीत. हप्ता काकू भरतात. पोळ्यांच्या पैशातून."

"वहिनी, मला मान्य आहे. पण सिस्टममध्ये सभासद म्हणून त्यांचं नाव आहे ना."

"मग सिस्टम चुकीची आहे."

"आता बघा, आम्ही काही मनाचं घातलेलं नाही. तुम्हीच जी एक्सेल दिलीत हँडओव्हरला, तीच जशीच्या तशी अपलोड केली. पहिला रकाना, सभासद. इतिहासही त्यावरूनच लिहिला. तुमच्या याद्यांवर आमचा पूर्ण विश्वास आहे वहिनी."

मी फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडला. फाइल मला पाठ असल्यासारखी आठवत होती, तरी उघडली.

पहिला रकाना: सभासद. त्याखाली आठही नवऱ्यांची नावं, मग पुढच्या सगळ्यांच्या नवऱ्यांची. दुसरा रकाना: फोन. तिसरा: बँक. चौथा: "मिसेस". माझं नाव चौथ्या रकान्यात होतं. मीच घातलेलं.

का घातलं तेही आठवलं. अॅपला बँक खातं जोडायचं होतं आणि खाती बहुतेक नवऱ्यांचीच. एमिरेट्स आयडीवर, शाळेच्या फॉर्मवर, इन्शुरन्सवर, सगळीकडे आधी स्पॉन्सरचं, म्हणजे ज्याच्या व्हिसावर आम्ही त्याचं नाव, मग आमचं. हाताला तीच सवय. अर्ध्या तासात चाळीस ओळी भरल्या, फिल्टर लावला, सॉर्ट केलं, पाठवून दिलं आणि स्वतःवर खूश होऊन चहा केला. एकीनेही विचारलं नाही. आम्हाला कुणालाच ते खटकलं नाही, काकूंनाही नाही. चाळीस बायका स्वतःच्या भिशीतून गेल्या आणि त्यांना घालवणारी मी.

राग कुणावर काढावा हा प्रश्न त्यानंतर थोडा अवघड झाला. पण कमी झाला नाही. माझी चूक होती, ठीक आहे. पण कमिटीतल्या अकरा जणांपैकी प्रत्येकाच्या घरात एक बाई होती, जिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. एकानेही विचारलं नाही. माझ्या यादीवर त्यांचा पूर्ण विश्वास, बायकोवर नाही.

मी काकूंना जाऊन सांगितलं. त्या कणीक मळत होत्या.

"काकू, चूक माझी आहे. रकाना मी भरला."

त्यांनी ऐकून घेतलं. "बरं. मग आता दुरुस्त कसं करायचं ते सांग. रडायला बसू नकोस, मला पाचपर्यंत ऐंशी पोळ्या द्यायच्यात."

दुरुस्तीसाठी माझ्याकडे सहा वह्या होत्या. सतरा वर्षांच्या सह्या, दर महिन्याच्या, आणि त्यातली प्रत्येक सही बाईची. मी त्या घेऊन रविवारी सकाळी मासिक सभेला गेले. सभा बर दुबईतल्या एका शाकाहारी हॉटेलच्या मागच्या हॉलमध्ये असते, इडली-वडा झाल्यावर. चाळीसपैकी तीसेक जण होते, जोडीने. काकू एकट्या आल्या, मागच्या रांगेत बसल्या, मांडीवर पर्स घट्ट धरून.

मी विषय मांडला. वह्या अध्यक्षांपुढे ठेवल्या. त्यांनी खरंच उघडून पाहिल्या, पानं हळू उलटली, एका सहीवर बोट ठेवून "ही आमची हिची" असं म्हणून हसलेही. मग खजिनदारांनी माइक घेतला. खजिनदार तरुण, ऑडिटमध्ये आहेत.

"ताई, सेंटिमेंट आम्ही समजतो. पण कंप्लायन्सचा प्रश्न आहे. उद्या कुणीही येऊन म्हणेल, खरी सभासद मी."

"म्हणू द्या की," मी म्हटलं. "खरीच असेल तर?"

"आणि ज्यांचा व्हिसाच नक्की नाही त्यांना वीस हजार देणं ही रिस्क आहे. उरलेले सहा हप्ते कोण भरणार?"

"चौदा हजार त्यांचे तुमच्याकडे आहेत! रिस्क सहाची आहे. आणि ते पैसे व्हिसासाठीच हवेत. व्हिसा नाही म्हणून पैसे नाहीत, पैसे नाहीत म्हणून व्हिसा नाही. हे कुठलं कंप्लायन्स?"

मागून कुणीतरी पुरुष म्हणाला, "अहो, वहिनींना पाणी द्या." लोक हसले. मी ते पाणी प्यायले नाही. हे लिहितानाही तो आवाज कुणाचा ते मला माहीत आहे आणि त्याच्या बायकोलाही माहीत आहे.

अध्यक्षांनी तोडगा सुचवला. नियम बदलायला वार्षिक सभा लागते, ती चार महिन्यांनी. तोवर निधीला काही करता येत नाही. "पण काकूंचं योगदान आम्ही विसरणार नाही. कार्यक्रमात स्टेजवर शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. सगळे सहमत?"

टाळ्या झाल्या. टाळ्या!

काकू मागून म्हणाल्या, "शाल कसली देता? इथं पंचेचाळीस डिग्री असतं." पुन्हा हसले लोक. त्या हसल्या नाहीत.

मग अॅपने काकूंच्या गटाची चिठ्ठी काढली. भिंतीवरच्या पडद्यावर चाक फिरलं, रंगीत कागद उडाल्यासारखं काहीतरी झालं आणि एक नाव आलं. सॉफ्टवेअरमधला मुलगा, या फेरीपासूनच सभासद झालेला, म्हणजे अर्थात पहिल्या रकान्यात. त्याची बायको इथेच वाढलेली. तिची आई आमच्याच जुन्या इमारतीतली, चौथ्या मजल्यावरची. ही मुलगी शाळेत असताना डब्यात काकूंची पोळी न्यायची.

ती उभी राहिली. मराठी तिला येते, पण चिडली की इंग्रजीत जाते. "वन सेकंद. हे पैसे आता आमचे ना? ऑफिशियली?"

"हो, अभिनंदन," खजिनदार म्हणाले.

"ओके. मग आम्ही आमचा नंबर काकूआजींबरोबर स्वॅप करतो. त्यांचे पैसे सहा महिन्यांनी येतील ते आम्हाला द्या, उरलेले सहा हप्ते त्या आम्हालाच देतील. डन."

"तसा ऑप्शन सिस्टममध्ये नाहीये."

"सिस्टममध्ये नको टाकू. आमच्या अकाउंटला ट्रान्सफर कर, मी बाहेर एटीएमवरून काढून देते. इट्स अवर मनी, राइट? मी जिम मेंबरशिप घेईन नाहीतर काकूआजींना देईन, तुला काय करायचंय? खलास."

तिचा नवरा शेजारी बसून होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी काय बोलू? यल्ला, चल, दे."

लोकांनी याही वेळी टाळ्या वाजवल्या, आधीपेक्षा जोरात. अध्यक्षांचे डोळे भरून आले, ते माइकवर म्हणाले, हीच आपल्या निधीची परंपरा. मला तिथे ओरडावंसं वाटलं. परंपरा तुमच्या परिपत्रकाने मोडली आणि एका पोरीने ती तुमच्या डोळ्यांदेखत तुमच्या नियमाच्या बाहेर जाऊन पाळली, त्यात निधीचं काय? काकूंचे चौदा हजार काकूंचेच होते. ते त्यांना हक्काने न मिळता उपकार म्हणून मिळाले, आणि उपकार करणारी त्यांच्या लेकीच्या वयाची. मी घरी येताना गाडीत हे सगळं नवऱ्याला मोठ्याने सांगितलं. तो म्हणाला, "पण काम झालं ना?"

काम झालं. लायसन्स तीन आठवड्यांत आलं, काकूंचा व्हिसा त्यानंतर, काकांचा अजून थोड्या दिवसांनी. मुदत संपायला नऊ दिवस उरले होते. टायपिंग सेंटरमधल्या मल्याळी माणसाने काकांच्या फॉर्मवर स्पॉन्सर म्हणून काकूंचं नाव पाहिलं आणि दोनदा विचारलं, "उलटा तो नहीं हो गया?" काका म्हणाले, "नहीं भाई, बराबर है. अब ये मेरी कंपनी है."

स्मरणिका तशीच छापली गेली. विसावी चूक दुरुस्त करायला "वेळ नव्हता". सत्काराला काकू गेल्या नाहीत. शाल कुणीतरी माझ्याकडे पोचवायला दिली, ती मी परत पाठवली.

मी मात्र गप्प बसले नाही. चार महिने फोन करून, घरोघरी जाऊन वार्षिक सभेत ठराव आणला, की सभासद म्हणून जी व्यक्ती हप्ता भरते तिचं नाव लागावं. ठराव मंजूर झाला. विरोधात तिघं. नवा फॉर्म मी केला, एका पानाचा, पहिला रकाना मोकळा. ज्याने-त्याने, जिने-तिने आपलं नाव आपल्या हाताने लिहायचं. पहिला फॉर्म काकूंचा असायला हवा म्हणून मी तो घेऊन त्यांच्या किचनमध्ये गेले.

एका मोठ्या भाड्याच्या स्वयंपाकघरात चार धंदे चालतात. एका ओट्यावर बिर्याणी, एकावर केक, एकावर कुणी फिलिपिनो मुली नूडल्स करतात आणि शेवटच्यावर काकू. डोक्यावर जाळीची टोपी, समोर तीन तवे. काका बाजूला पोळ्या मोजून पाकिटांत भरत होते.

"काकू, सही करा. पहिला नंबर तुमचा ठेवलाय."

त्यांनी हात पुसले, फॉर्म वाचला. पूर्ण वाचला, खालच्या बारीक अक्षरांसकट. मग परत माझ्या हातात दिला.

"त्या पोरीचे शेवटचे दोन हप्ते राहिलेत. तेवढे भरते. मग बास."

"बास म्हणजे?"

"म्हणजे बास. मला आता बँक कर्ज देते म्हणती. लायसन्सवर."

"अहो पण भिशी तुमची आहे!"

"माझी होती तेव्हा मी विचारत होते ना कुणाला अडलंय का म्हणून? आता मला अडलं तर मला वह्या दाखवाव्या लागल्या. तुला दाखवाव्या लागल्या माझ्यासाठी." तव्यावरची पोळी त्यांनी उलटली. "तू चिडू नकोस. चिडून तुझं बीपी वाढतं. किती पोळ्या देऊ?"

मी वीस घेतल्या. काकांनी बिल दिलं, छापील, वर काकूंचं पूर्ण नाव.

मी अजूनही चिडलेली आहे. वार्षिक सभेनंतर आतापर्यंत सतरा बायकांनी स्वतःच्या नावाने फॉर्म भरलेत, बाकीच्यांच्या मागे मी आहे. अध्यक्षांनी परवा फोन करून विचारलं, काकूंचा फॉर्म आला का, त्यांच्या हस्ते नव्या फेरीचं उद्घाटन करू म्हणत होतो. मी सांगितलं, काकू सभासद नाहीत.

"अरेरे, असं कसं?" ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. मी त्यांना विचारलं नाही.